परत कुणी विचारलंच नाही

त्या देशाचं नाव मी घेणार नाही. रुसलेय मी त्यांच्यावर. पॅसिफिकमधलं एक चिमुकलं बेट आहे, एवढं पुरे. कोल्हापूरच्या एखाद्या पेठेत जेवढी माणसं राहतात, तेवढीसुद्धा तिथे नसतील. त्यातली बरीचशी इथे ऑकलंडलाच, आमच्या पापाटोएटो उपनगराच्या आसपास राहतात. त्यांच्या राष्ट्रीय फुटबॉल टीमचा सरावही इथेच चालतो. कुणी एअरपोर्टवर सामान चढवतो, कुणी घरांची छपरं घालतो, आणि शनिवारी सकाळी सगळे देशासाठी धावतात.

आमचे हे, म्हणजे राजाराम, त्या टीमचे फिजिओ. पगारी नव्हेत बरं का, हौसेचे. नोकरी सरकारी हॉस्पिटलात, पण जीव त्या ग्राउंडवर. मी विनया, पुण्याची, फार्मासिस्ट. लग्न ठरलं तेव्हा माझ्या माहेरचे म्हणाले होते, ‘कोल्हापूरचा मुलगा आणि फुटबॉल? कुस्ती असेल!’ अहो, कुस्ती आहेच, पण तिथे तालमी-तालमींच्या फुटबॉल टीमा आहेत. मॅच असली की अख्खी पेठ मैदानावर लोटते, आणि हरलं की घरोघरी चुली थंड. हे तालमीकडून खेळायचे. ऐन भरात गुडघा गेला. मग दुसऱ्यांचे गुडघे तरी वाचवू म्हणून फिजिओ झाले.

टीमचा कॅप्टन मनासे घोटा मुरगळून ह्यांच्याकडे पेशंट म्हणून आला, तिथून हे सगळं सुरू झालं. ‘अंकल, आमच्याकडे घोटे बांधायला कुणी नाही,’ तो म्हणाला. हे शनिवारी बघायला म्हणून गेले ते बारा वर्षं जातच राहिले. टेपची भेंडोळी आमच्या गाडीत, बर्फ आमच्या फ्रीजरमध्ये. मी मटार ठेवायला गेले की बर्फाच्या पिशव्या अंगावर यायच्या. मी करवादायचे आणि हे म्हणायचे, ‘विनू, जगात आमच्या खाली दोनच देश उरलेत, जरा सबुरीनं घे.’ ‘आमच्या’ म्हणायचे हो!

आणि खरंच, बघता बघता टीम वर सरकायला लागली. आधी शेजारच्या बेटाला हरवलं. मग एका मोठ्या देशाशी बरोबरी केली, तेव्हा हे घरभर नाचले. जागतिक क्रमवारी जाहीर झाली की सकाळी चहाच्या आधी मोबाइल. ‘चार जागा वर!’ पुढच्या वेळी, ‘अकरा!’ पोटच्या पोराचा निकाल लागावा तसा चेहरा. आम्हाला मूलबाळ नाही. मी ते कधी बोलले नाही आणि ह्यांनीही नाही, पण त्या सकाळी आम्हा दोघांच्याही मनात तेच असायचं.

त्याच सुमारास ह्यांच्या उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला. आधी पेपर वाचताना, मग चहाचा कप धरताना. डॉक्टर म्हणाल्या, पार्किन्सन्स. औषधांनी हात वर्ष-दीड वर्ष कामापुरते चालतील, पुढचं सांगता येत नाही. घरी येताना गाडीत हे एवढंच म्हणाले, ‘एकदा टीमबरोबर बाहेरच्या देशात जाऊन यायचंय बघ. राष्ट्रगीत लागतं तेव्हा कडेला उभं राहायचंय. मग हात राहू देत नाहीतर जाऊ देत.’ मी खिडकीबाहेर बघत बसले.

आणि देव पावल्यासारखं बोलावणं आलं. क्रमवारीत वर गेल्यामुळे परदेशातल्या एका स्पर्धेचं आमंत्रण मिळालं, थोडा निधी आला, आणि टीमला रीतसर फिजिओ नेमायची परवानगी मिळाली. मॅनेजर क्रेग आणि मनासे रविवारी आमच्याकडे जेवायला आले. कशासाठी येताहेत ते मला ठाऊक होतं, ह्यांनाही. ह्यांचा सकाळपासून तीनदा शर्ट बदलून झाला. मी पुरणपोळ्या केल्या.

क्रेग भला माणूस, इथलाच गोरा. दुसऱ्या पोळीनंतर म्हणाला, ‘नो थँक्स, पोट भरलं.’ मी म्हटलं, काही भरलं नाहीये, आणि वाढली. नको नको म्हणत त्यानं तीही खाल्ली, वर तूप मागून घेतलं. मनासे तर आमच्या घरी सरावलेला, तो पानावर आडवा हातच धरून बसला. सगळे हसलो.

मग क्रेगनं हात पुसले आणि विचारलं, ‘राज, टूरवर आमच्याबरोबर येशील? ऑफिशियल फिजिओ म्हणून?’

आणि हा माणूस काय म्हणाला? ‘छे छे, मी कशाला? म्हातारा झालो आता. एखादा तरुण बघा, चपळ असलेला.’

आता तुम्हीच सांगा, तुम्हाला काय कळलं? कळलं ना? आपल्याकडे पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणतं का? मानाची गोष्ट असली की आधी नको म्हणायचं. समोरच्यानं म्हणायचं, ‘असं कसं, तुम्ही नाही तर कोण?’ मग आपण म्हणायचं, ‘अहो, पण...’ आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की मान तुकवायची. हे तर तालमीत वाढलेले. तिथे नारळ फोडायला बोलावलं तरी दोनदा मागे सरकतात, मग लोक दंडाला धरून पुढे ओढतात.

क्रेगनं मान डोलावली. ‘नो वरीज, राज. समजू शकतो. इतकी वर्षं केलंस, खूप झालं.’ आणि त्यानं पाण्याचा ग्लास उचलला.

मी मनासेकडे बघितलं. तो खाली ताटाकडे बघत होता. मी ‘अहो...’ म्हणून तोंड उघडलं, तर टेबलाखालून ह्यांनी माझ्या पायावर पाय दिला. अजून थांब, असं त्यांना म्हणायचं होतं. अजून विचारतील. आम्ही विडा झाला तरी थांबलो, कॉफी झाली तरी थांबलो. दारात बूट घालताना क्रेगनं ह्यांना मिठी मारली आणि पुरणपोळीची तारीफ केली. गाडी गेली.

मी अशी काही भडकले! ‘जिभेला काय झालं होतं? हातांमुळे नाही म्हणालात का?’

‘नाही गं,’ हे म्हणाले. ‘हात चालले असते अजून. मला वाटलं, परत विचारतील.’

इतकं साधं सांगितलं की माझा राग कुठल्या कुठे गेला आणि नुसतं रडू आलं. मी म्हटलं, मी फोन करते. तर लगेच कोल्हापूर जागं झालं. ‘खबरदार! मागून घेतलेला मान मान नसतो.’ तरी पुढच्या आठवड्यात मी माउंट वेलिंग्टन भागातल्या फार्मसीत कामाला गेले असताना तिथूनच, ह्यांच्या नकळत, क्रेगला फोन केला. तो बिचारा हादरलाच. ‘विनया, तो नाही म्हणाला! मी त्याचा शब्द मानला.’ शहराच्या दुसऱ्या टोकाच्या, अल्बनीच्या एका फिजिओ मुलीशी करार झाला होता, तिचे कागदही पुढे गेले होते. त्याच्यावर चिडावं तरी कसं? त्यानं शब्द मानला, हाच त्याचा गुन्हा.

स्पर्धा आम्ही घरी मोबाइलवर बघितली. ह्यांनी टीमचं जॅकेट घातलं होतं, चेन मी लावून दिली. राष्ट्रगीत सुरू झालं तसे हे सोफ्यावरून उठून उभे राहिले. ती मुलगी कडेला उभी होती, हात मागे बांधून, छान ताठ. पुढे मनासे पडला, ती बॅग घेऊन धावली, भराभर घोटा बांधला. ‘चांगला बांधला गं,’ हे म्हणाले, आणि खरंच कौतुकानं म्हणाले. टीम जिंकली. त्या महिन्यात क्रमवारीत इतकी वर गेली, की इथल्या बातम्यांतसुद्धा नाव आलं. हे मोबाइल बघायचे आणि बाजूला ठेवायचे. कितीनं वर गेली, ते आता मला सांगत नव्हते.

हात डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा लवकर गेले. सहा-सात महिन्यांत हॉस्पिटल सोडावं लागलं.

गेल्या शनिवारी मनासे आला. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, दारात काढल्या आणि खुर्ची सोडून ह्यांच्या पायाशी जमिनीवर बसला. सगळ्यांच्या सह्यांचा टी-शर्ट आणला होता. मग म्हणाला, ‘अंकल, त्या दिवशी मला परत विचारायचं होतं. आमच्या घरात मोठं माणूस एकदा नाही म्हणालं की लहानानं पुन्हा विचारायचं नसतं. उद्धटपणा होतो तो. सगळ्या पोरांना तुम्ही हवे होतात. मी गप्प बसलो, कारण तुम्ही मला वडिलांसारखे.’

हे त्याच्याकडे बघतच राहिले. दोघंही एकमेकांचा मान राखत बसले होते हो, माझ्याच टेबलावर!

‘पुढच्या वर्षी पात्रता सामने आहेत, अंकल,’ मनासे म्हणाला. ‘तुम्ही याल?’

‘येतो,’ हे म्हणाले. त्याचं वाक्य संपायच्या आत. बेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्या फटक्यात हो म्हणालेला मी कधी बघितला नव्हता.

मग म्हणाले, ‘पाय वर घे, घोटा बघू.’ मनासेनं पाय ह्यांच्या मांडीवर ठेवला. मी टेप आणून दिली. टोक सुटेना, ते मी सोडवून दिलं. टेप कुठे सुरकुतली, कुठे स्वतःलाच चिकटली. मनासे हलला नाही. पाऊण तास तो पाय तसाच ठेवून बसला, आणि झाल्यावर त्या वेड्यावाकड्या पट्टीवर हात फिरवून म्हणाला, ‘स्वीट अ‍ॅज, अंकल.’ म्हणजे एकदम झकास. त्याचे डोळे भरले होते. मी त्याला दारापर्यंत सोडलं.

आत आले तर हे सोफ्यावर ताठ बसले होते. म्हणाले, ‘विनू, माझा पासपोर्ट बघ गं, कधी संपतोय.’

मी आतल्या खोलीत गेले, कपाट उघडलं, पासपोर्ट बघितला. तिथेच जरा वेळ उभी राहिले, तोंडाला पदर लावून. मग आवाज नीट केला आणि म्हटलं, ‘आहे हो, अजून पुष्कळ वर्षं आहेत.’