हवालदार कांबळे

पहाडातल्या त्या चौकीवर बदली झाली तेव्हा मी मेजर होतो. माझं गाव उमरीजवळचं. दुष्काळात वडील खडी फोडायला जात, त्या काळात मी सैन्याची परीक्षा दिली. पुढे लेफ्टनंट जनरल होऊन निवृत्त झालो. लोक नोकरीबद्दल विचारतात तेव्हा मला मात्र एकच दिवस आठवतो.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. माझे हवालदार गंगाधर कांबळे अहमदपूरचे. घरच्या पत्रावर ‘जिल्हा लातूर’ लिहिताना त्यांना मोठं अप्रूप वाटायचं.

त्या सकाळी ते चार जवान घेऊन वरच्या चौकीवरच्या एका आजारी शिपायाला आणायला गेले. दुपारी बर्फ पडू लागलं. रेडिओवर उत्तर येईना. आमचे कमांडिंग ऑफिसर, सीओ साहेब, यांचा हुकूम स्पष्ट होता. नीट दिसायला लागेपर्यंत दुसरी तुकडी पाठवायची नाही. मी बंकरच्या दारात उभा राहिलो. समोर आलेला चहा तसाच गार झाला. वर कुठं आवाज झाला की सगळे रेडिओकडे बघत.

मग रेडिओवर कांबळे बोलले. "साहेब, घळीत बर्फ घसरलंय. आजारी पोरगा अन् तिघं पार झालेत. शिंदे दबलाय. आवाज यायलाय त्याचा."

"वर अजून बर्फ लटकतंय. तुम्ही बाहेर या. आम्ही निघतो."

"तवर तो टिकायचा न्हाई, साहेब. त्याला काढतो अन् येतो. ओव्हर."

त्यानंतर मी हाका मारत राहिलो. सीओ साहेबांना कळवलं. ते "जा," एवढंच म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा शिंदे घळीच्या काठावर होता. जिवंत. कांबळेंनी खालून रेटा दिला आणि लगेच दुसरा लोंढा आला, असं त्यानं सांगितलं. कांबळे आम्हाला दुसऱ्या दिवशी सापडले.

त्यांचं पार्थिव घेऊन मी अहमदपूरला गेलो. त्यांच्या पत्नी सुशीलाबाईंनी एकच विचारलं, त्यांनी बाहेर काढलेला तो पोरगा वाचला का. वाचला, म्हणालो.

पुढे कर्नल झालो, ब्रिगेडियर झालो. तुकडी बाहेर गेली की ती परतल्याचं कळेपर्यंत मी जागा राहायचो. सुट्टीत मी अहमदपूरला जाऊन यायचो.

निवृत्तीनंतर गेलो तेव्हा सुशीलाबाईंकडे शेजारीण बसली होती. तिनं माझ्याकडे बघून हे कोण, म्हणून विचारलं.

सुशीलाबाई म्हणाल्या, "आमच्या मालकाच्या पलटनीतले हायत."

"हाव," मी म्हणालो.