म्हशींच्या अंगावरचं इंग्रजी

मराठी शाळेत शिकून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिक्षिका व्हायचं, हे माझं खूळ. आधीच्या मुलाखतींत मी 'गुड' आणि 'व्हेरी गुड'च्या पुढे सरकलेच नव्हते. आता शेवटची संधी होती. ही गेली की वर्ष वाया. अवघड शब्द संध्याकाळी पाठ करायचे, सकाळी पाटी कोरी!

कसबा बावड्यात आमचा म्हशींचा गोठा. धार काढता काढता वडील म्हणाले, "म्हशीचं नाव कवा इसरलीयास का? मग शब्द म्हशीस्नी लाव की!"

लावले. लाथ मारणारी 'ऑब्स्टिनेट', म्हणजे हट्टी. वैरणीवर तुटून पडणारी 'व्होरेशस', खादाड. अनोळखी माणूस दिसला की पान्हा चोरणारी 'रिलक्टंट', मनातून तयार नसलेली. म्हशीला चिकटलेला शब्द पुन्हा म्हणून सुटला नाही.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी नटवून मिरवतात. शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि अंगावर रंगवलेलं नाव. त्या वर्षी वडिलांनी मला न विचारता ही इंग्रजी नावंच रंगवून घेतली! मी लाजेने चूर. पण रस्त्यावरून लोक ओरडायला लागले, "ओ पावणं, व्होरेशस म्हंजी काय वो?" आणि वडील छाती फुगवून अर्थ सांगत सुटले. हसून हसून माझं पोट दुखलं.

दिवाळीनंतर मुलाखत झाली. मुख्याध्यापिकांनी विचारलं, "वर्गात एखादं मूल तोंडच उघडत नसेल, तर त्याला काय म्हणाल? ऑब्स्टिनेट?"

"नाही," मी इंग्रजीत म्हणाले, "ते रिलक्टंट असेल. ऑब्स्टिनेट लाथ मारते. रिलक्टंट आपल्याला ओळखत नाही, म्हणून अडून राहते. पाठीवर हात ठेवायचा, नावाने बोलत राहायचं, घाई करायची नाही."

'लाथ' ऐकून मुलाखत घेणारे सगळे चपापले. मग म्हशींचं सगळं रामायण सांगणं आलंच, तेही गोठ्यातल्या सवयीने मोठ्या आवाजात. बाकीचे खो खो हसले. मुख्याध्यापिका मात्र हसल्या नाहीत. संपलं आपलं, असं वाटून मला रडूच यायला लागलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्या मराठीत म्हणाल्या, "सोमवारपासून या. पाचवीत एक मुलगी आहे. आम्ही सगळ्यांनी तिला हट्टी ठरवलंय."