साक्षीची पाच मिनिटं

फोन तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा मी तो टेबलावर पालथा घातला. रविवारची उपासना संपवून आम्ही पंच कमिटीचे सात जण चर्चमागच्या खोलीत बसलो होतो. विषय होता मंडळीच्या सुवर्णमहोत्सवाचा मांडव, पत्र्याचा घालायचा की कापडाचा. दोन गट पडले होते, आवाज चढले होते, आणि सगळ्यात मोठा आवाज माझा, कारण सेक्रेटरी मी. चौथ्यांदा घेतला. पलीकडं रूथ वहिनी. "भावजी, ह्ये गेले," एवढंच म्हणाली. दानी आण्णा गेला... माझ्या थोरल्या चुलत्याचा मुलगा, ज्याच्या पाठीवर बसून मी काकतीच्या विहिरीत पोहायला शिकलो, तो गेला. आणि मी काय म्हणालो? "दहा मिनिटांत मीटिंग आटोपतो आणि निघतो." हे माझ्या तोंडून गेलं! आज सात आठवडे झाले, पण ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावीशी वाटते.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. मला ते जमणार नाही, आणि आण्णाला तर ते मुळीच आवडलं नसतं. ज्यांची परवानगी घ्यायला हवी त्यांची घेऊनच लिहायला बसलोय. आण्णा रागीट होता म्हणणं म्हणजे भट्टी कोमट असते म्हणण्यासारखं. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत त्याचा जन्म गेला, वितळलेलं लोखंड साच्यात ओतण्यात. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे पांढरे डाग. मुकादमानं आईवरून शिवी दिली म्हणून सळई घेऊन त्याला गेटपर्यंत पळवत नेलं होतं. बसमध्ये कुणी म्हातारीला ढकललं, तर त्या माणसाचे दोन दात पुढच्या स्टॉपच्या आत बाहेर आले. बाहेर हे सगळं ऐकायला बरं वाटायचं, आम्ही भाऊभाऊ चवीनं सांगायचो. घरात मात्र वहिनी होती. निपाणीची, तंबाखूच्या वखारीत राबून वाढलेली, अंगानं काटक. लग्नानंतर सहाव्या वर्षी आण्णा पिऊन आला, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यानं तिला उचललं आणि उंबऱ्यावर आपटलं. तिला पाचवा महिना होता. मूल गेलं.

त्याच्या पुढच्या रविवारी तो चर्चमध्ये आला. तोवर त्याचं येणं नाताळापुरतं, तेही नवे कपडे दाखवायला. आमच्या मराठी उपासनेत तेव्हा साक्षीची पाच मिनिटं असायची. दानार्पणाआधी ज्याला वाटेल त्यानं जागेवर उभं राहायचं आणि या आठवड्यात प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला असायचा, कुणाच्या पोरीला नोकरी लागलेली असायची. आण्णा उभा राहिला आणि म्हणाला, "मी माझं मूल मारलं. बायकोला आपटलं. मला पोलिसात द्या, न्हायतर देवाला सांगा मला धराय." एका बाईनं तोंडावर पदर घेतला. आमचे तेव्हाचे म्हातारे पाळकसाहेब व्यासपीठावरून खाली आले, त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि उपासना संपेपर्यंत तसेच धरून उभे राहिले. त्या दिवशी उपदेश झाला नाही.

तिथून पुढं बावीस वर्षं, दर रविवारी, आण्णा उभा. "ह्या आठवड्यात हात उचलला न्हाय. प्रभूनं धरला." एवढं बोलून बसायचा. कधी कधी, "मंगळवारी पोराच्या थोबाडीत दिली. त्याची माफी मागितली. येशू, मला सोडू नको." पोरं खिदळायची, कारण येणार काय ते त्यांना पाठ होतं. आम्ही मोठी माणसं बुटांकडं बघायचो. मला विचाराल तर अंगावर काटा यायचा, आणि तो भक्तीचा काटा नव्हता. अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. चार लोकांत, बायकापोरांसमोर, हे काय सांगायचं?

एकदा मात्र मी त्याला एकटा पाहिला. भर दुपारी पंख्यांची मापं घ्यायला चर्चमध्ये गेलो, तर हा व्यासपीठासमोर गुडघ्यांवर. मला वाटलं कुणाशी भांडतोय. भांडतच होता. "तुझ्या हातात खिळं मारलं तरी तू गप बसलास. मला नुसतं कोण बोललं तरी मी पेटतो. कसं केलंस रं तू ते? मला शिकीव. आत्ता शिकीव, दोन वाजता माझी शिफ्ट हाय." आणि त्यानं फरशीवर कपाळ आपटलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. नुसत्या दगडावर हाडाचा आवाज. नंतर तो रडायला लागला, आईजवळ पोर रडावं तसा, मोकळा, नाकातून पाणी गळेपर्यंत. मी चपला हातात घेऊन मागच्या मागं सटकलो. मला त्याचा हेवा वाटला, हे कबूल करतो. माझ्या प्रार्थना तोवर छापील झाल्या होत्या. तोंड चालायचं, आत कोणी नसायचं.

खानापूरच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून हयात घालवली आणि निवृत्त झाल्यावर मंडळीचा सेक्रेटरी झालो. मंडळी वाढली होती. तरुण संघ, महिला मंडळ, गायनवृंद, रक्तदान शिबिर, बायबल स्पर्धा, आणि आता महोत्सव. निवेदनंच वीस मिनिटं चालायची. त्यात साडेअकराला कानडी उपासना, आणि ती माणसं अकरा पंचवीसपासून अंगणात उन्हात ताटकळत उभी. आमची उपासना पाच मिनिटं लांबली तरी त्यांचे पंच खिडकीतून घड्याळ दाखवायचे. मी कमिटीपुढं ठराव ठेवला की साक्ष बंद. ज्याला साक्ष द्यायची त्यानं गुरुवारपर्यंत ती कागदावर लिहून सेक्रेटरीकडं द्यावी, योग्य वाटल्यास वाचली जाईल. ठराव एकमतानं पास! प्रभूचे उपकार मानायचे तर आधी अर्ज करा, असला कायदा आमच्यासारख्या कारकुनालाच सुचणार.

तिसऱ्या आठवड्यात आण्णाचा कागद आला. चौथी पास माणसाचं अक्षर, शिसपेन्सिलीनं. "हात आवरंना झालाय. मंडळीनं माझ्यासाठी प्रार्थना करावी." मी त्यावर 'पुढील महिन्यात घेणे' असा शेरा मारला आणि फाईलला लावला.

पुढच्या रविवारी बाहेरगावचे पाहुणे व्यासपीठावर होते. कार्यक्रमाचा कागद माझ्या हातात. मी गायनवृंदाला खूण करतोय तोच मागून आवाज आला, "मला सांगायचंय." मी म्हणालो, "आण्णा, बसा." तो म्हणाला, "दोन मिन्टं रं, बाळ्या." पाहुण्यांसमोर बाळ्या! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरातरा मागं गेलो, त्याची कॉलर धरली आणि दाराकडं ओढला. शर्टाची बटणं तुटून फरशीवर टणटणली. तो बाकाला धरून उभा, "बाळ्या, ऐक तरी," म्हणतोय, आणि मी दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर ढकललं. जिवाच्या आकांतानं ढकललं. तो मागच्या पायरीवर कुशीवर पडला, भुवई दगडावर फुटली, आणि पांढऱ्या शर्टावर रक्ताचा लोंढा आला. एक बाई किंचाळली. आण्णा उठला. त्याची मूठ वळलेली मी पाहिली. ती मूठ काय करू शकते हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी डोळे मिटले. पण ती आली नाही. डोळे उघडले तेव्हा त्यानं ती मूठ मांडीवर दाबून धरली होती. "येतो, सेक्रेटरीसाहेब," तो म्हणाला आणि रक्त पुसत गेला. मी परत पुढं गेलो आणि गायनवृंदाला गीत घ्यायला सांगितलं. संध्याकाळी ग्रुपवर चौघांनी लिहिलं, 'छान हाताळलंत.' मी खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं.

त्या बुधवारी महिला मंडळाच्या चहाला रूथ वहिनीच्या हाताला प्लास्टर दिसलं. "न्हाणीत घसरले," म्हणाली. मी म्हणालो, "जपा हो," आणि खुर्च्या मोजायला गेलो. आण्णा त्यानंतर दर रविवारी यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा, भुवईवर टाक्यांची खूण. पुन्हा कधी उभा राहिला नाही. मी तर लोकांना सांगत होतो, बघा, शिस्त लावली की माणूस सुधारतो.

पाऊण वर्षात त्याची छाती गेली. फौंड्रीच्या धुरानं आतून जाळली होतीच. दवाखान्यात भेटायला गेलो, तर चेहरा निम्मा झालेला. बाजूला कुणी नाही असं बघून म्हणालो, "आण्णा, त्या दिवशी माझं चुकलं." त्यानं मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाला, "मला कशाला सांगतोस? मला तू कानात सांगिटलास. ढकललास मात्र सगळ्यांसमोर. तितं सांग." मी म्हणालो, "सांगतो की. एवढा महोत्सव होऊ दे. सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही." स्वतः धापा टाकणाऱ्या माणसाला मी हे म्हणालो! तो हसला, हसता हसता खोकला, खोकता खोकता माझ्या मनगटाला धरून उठून बसला. "बाळ्या, तू त्याचं काम लई करतोस रं. त्याच्याशी बोलतोस कवा?" आठ दिवसांनी तो फोन आला.

आमच्याकडं अंत्यविधीत सेक्रेटरीनं गेलेल्याचं अल्पचरित्र वाचायचं असतं. मी पानभर लिहिलं होतं. "आपले प्रिय बंधू दानिएल हे शांत, सोशिक आणि..." इथवर आलो, आणि शवपेटीजवळ बसलेली रूथ वहिनी उठली. माझ्या हातातला कागद तिनं ओढून घेतला आणि टराटरा फाडला. "खोटं वाचू नका. देवमाणूस करू नका त्यांचा," ती ओरडली. "बावीस वर्सं माझ्या अंगाला हात लावला न्हाय त्यांनी. का? रविवारी सगळ्यांसमोर सांगाय लागतंय म्हणून. मुठी वळायच्या, भिंतीवर मारायचे, आणि म्हणायचे, येशू, रविवारपतोर धर मला. आणि तुमी रविवारच काढून घेतलासा! ढकललासा त्या दिवशी घरी आले आणि माझा हात मोडला. मोडला आणि माझ्या पायावर डोकं आपटून घेत बसले. तुमी त्यास्नी मारलेलं मला लागलंय, भावजी." तिनं तो हात वर केला. कोपरात तो सरळ होत नव्हता. पेटीचं झाकण अजून उघडं होतं. कागदाचे तुकडे आण्णाच्या छातीवर पडले होते, आणि ते उचलायचं धाडस माझ्यात नव्हतं. आत्ताच्या पाळकसाहेबांनीच पुढची प्रार्थना केली.

पुढच्या रविवारी मी कमिटीला न विचारता निवेदनं गाळली आणि साक्षीची पाच मिनिटं जाहीर केली. कुणी उभं राहिना. अंगणात कानडी मंडळी जमायला लागली होती. वहिनी पुढच्या बाकावर, पांढऱ्या लुगड्यात. मग मीच उभा राहिलो. कॉलर धरली ते सांगितलं, ढकललं ते सांगितलं, तो पेन्सिलीचा कागद आणि त्यावरचा माझा शेरा वाचून दाखवला. आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटायला लागलं होतं. झालं, सुटलो, असं वाटून मी बसायला वाकलो.

"एवढंच?" वहिनी म्हणाली.

मोठ्यानं नाही म्हणाली. पण मला बसता येईना. मी बायकांच्या बाजूला बघितलं. तिसऱ्या बाकावर विमल, माझी बायको, मान खाली घालून मांडीवरच्या रुमालाची घडी घालत होती आणि मोडत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की येशू त्या चर्चमध्ये आहे, आणि तो माझ्याकडंच बघतोय, आणि त्याला घाई नाही. "साक्ष मी वेळेसाठी बंद केली नाही," मी म्हणालो. "आण्णा दर रविवारी उभा राहून जे सांगायचा, ते माझ्या घरात चालायचं. दार लावून. मी विमलला मारतो. लग्न झाल्यापासून मारतो. गेल्या महिन्यातसुद्धा, मांडवाच्या पहिल्या मीटिंगहून आल्यावर. आण्णा बोलायला लागला की मला वाटायचं, हा माझंच नाव घेणार. म्हणून त्याचं तोंड बंद केलं." पुढं प्रार्थना करायची होती. चाळीस वर्षं पाठ असलेल्या ओळींतली एकही आठवेना. "येशू..." एवढंच आलं, आणि मी सगळ्यांसमोर हुंदके देत उभा राहिलो.

मग बाक करकरला. या चर्चमध्ये लग्न होऊन आलेली, इतक्या वर्षांत गाण्याखेरीज एक शब्द न बोललेली विमल, बाकाच्या पाठीला धरून उभी राहिली होती.

"मला बी सांगायचंय," ती म्हणाली.

मी खाली बसलो.