निळ्या ट्यूबचं रीडिंग

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणि मी काही पोटात ठेवणारी बाई नव्हे — सांगलीतल्या आमच्या गल्लीत कुणाच्या भाजीत मीठ जास्त पडलं तरी पहिली मी बोलणार. ही एकच गोष्ट मात्र गिळून बसले. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मामांना ओळखत नाही, म्हणून असेल.

मामा म्हणजे माझे सासरे. मूळचे उंब्रजचे, ऊसवाल्या घरातले. पलटणीत गेले आणि नोकरीची शेवटची वर्षं अंदमानात काढली. तिथे त्यांनी समुद्रात जिवंत पोवळं पाहिलं आणि त्याचा नादच लागला. मला पोवळं ठाऊक होतं ते अंगठीतलं. ते म्हणायचे, "आगं, जित्राब हाय ते. उजेडावर जगतंय." सासूबाई होत्या तोवर हे सगळं गप्पांतच होतं. त्या गेल्या आणि घरात मामांशी निवांत बोलणारं कुणी उरलं नाही. मग एक दिवस कुपवाडच्या कारखान्यातून काचेच्या दोन पेट्या घरी आल्या.

रत्नागिरीच्या एका जुन्या पलटणवाल्या दोस्तानं ट्रकबरोबर कॅन भरून समुद्राचं पाणी आणि पोवळ्याचा एक तुकडा धाडला. तेव्हा कुणी हटकत नसे. आज तसं आणता येत नाही. मामांनी त्या तुकड्याचे दोन भाग केले. एक मधल्या खोलीत, साध्या पांढऱ्या ट्यूबखाली. दुसरा बाहेरच्या खोलीत, गणपतीच्या डेकोरेशनवाल्याकडून आणलेल्या निळ्या ट्यूबखाली. "खाली जाशील तसा पाण्यात तांबडा उजेड मरतो, निळाच उरतो. मग ह्यास्नी निळाच पायजे का न्हाई?" — एवढंच त्यांचं म्हणणं. पण ते सिद्ध करायचं होतं. निळी मंद, म्हणून ती पाण्याच्या अगदी जवळ टांगली, पांढरी वर. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याचा उजेड मोजायचा लाइट मीटर मागून आणला. दोन्हीकडे सुई पाचाच्या आसपास आली पाहिजे. उजेड सारखा झाला की फरक राहील तो फक्त रंगाचा.

दहावी नापास झालेल्या मला हे त्यांनी समजावून सांगितलं, चार-चार वेळा, न चिडता. आणि वही माझ्या हातात दिली. दिवसातून तीनदा रीडिंग घ्यायचं, लिहायचं. शेजाऱ्यांना सांगायचे, "आमच्या शालनचं रीडिंग म्हंजे काळ्या दगडावरची रेघ."

तोवर मला कुणी असं काही म्हटलं नव्हतं. माहेरीसुद्धा नाही.

दीड महिन्यात निळ्या उजेडातलं पोवळं जास्त फुलायला लागलं. तपकिरी अंगातून बारीक बारीक बोटं बाहेर काढायचं. मामा खुर्ची ओढून समोर बसत आणि हळू आवाजात त्याच्याशी बोलत — सासूबाईंशी बोलत तसंच. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. "शालननं आज आमटीत गूळ लय टाकला बग." मला हसू यायचं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गूळ कमी टाकायचे.

आणि मग — सांगते, सांगते. टाळत नाही.

साताऱ्याला मामांच्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. दहा दिवस त्यांना तिथे राहायचं होतं. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "दिवस उगवला की ट्यूबा लावायच्या, मावळला की बंद. तू हाईस म्हणून जातूय."

नेमकी दुसऱ्याच दिवशी संक्रांत आली. सासूबाईंचं वर्ष सरल्यावरचं पहिलं हळदीकुंकू, माझ्या हातचं. आमची बाहेरची खोली दिवसाही अंधारी, बल्ब मिणमिणता, आणि निळी पेटी दाराशीच. शेजारच्या काकू सगळ्यांत आधी आल्या. मी त्यांना कुंकू लावलं आणि हातच थांबला. त्या उजेडात कुंकू काळं दिसत होतं. काळंकुट्ट. काकूंनी आरशात पाहिलं. "आगं बया, सवाशिणीच्या कपाळाला ह्ये काय लावलंस?"

मी निळी ट्यूब बंद केली.

इथवर असतं तर मी तुमच्याशी बोलायला बसलेच नसते. पण रथसप्तमीपर्यंत बायका कधीही येतात — कुणी सकाळी भाजीला जाताना, कुणी दुपारी. दर वेळी ट्यूब बंद करा, पुन्हा लावा... मी लावलीच नाही. विसरले होते? नाही हो. रोज आठवण होती. तिसऱ्या दिवशी पोवळ्यानं बोटं आत घेतलेली दिसली. उद्या लावू, असं म्हणून मी तिळगुळाचा डबा भरायला घेतला. त्या बायकांनी माझ्या घराला नाव ठेवू नये, एवढंच मला हवं होतं.

आणि वही? वहीत मी दिवसातून तीनदा लिहीत होते. पांढरी पाच, निळी पाच. वळणदार अक्षरात. मीटर खोक्यातून बाहेरही काढला नाही.

मामा यायच्या दिवशी सकाळी ट्यूब लावली. पोवळं पांढरंफटक पडलं होतं.

ते आले. हातातली पिशवी खाली न ठेवता पेटीसमोर उभे राहिले. मग वही मागितली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना — मला वाटलं, आता पकडलं. खरी सुई कधी पाचाच्या अलीकडे असायची, कधी पलीकडे. दहा दिवस ती एकाच जागी कशी? त्यांनी आकड्यांवरून सावकाश बोट फिरवलं, वही मिटली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुजं बराबर हाय, पोरी. माझंच डोकं चुकलं. निळ्यानं मारलं त्याला."

तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम. मी काय बोलले? "चहा टाकू का, मामा?"

निळी ट्यूब त्यांनी परत केली. रत्नागिरीच्या दोस्ताला पत्र लिहिलं — निळा उजेड पोवळ्याला सोसत नाही, माझा अंदाज खोटा निघाला. ते पत्र टपालपेटीत टाकायला माझ्याच हातात दिलं. मी टाकलं. पांढऱ्या उजेडातलं पोवळं त्या उन्हाळ्यात गेलं. खुर्ची तिथेच राहिली, मामा तिच्यावर बसतही. पण बोलणं थांबलं. माझ्या आमटीची तक्रारसुद्धा ऐकू येईना. पुढे चार वर्षं ते माझ्या हातचं जेवले. माझा जीव होता हो त्या माणसावर, आणि चार वर्षं मी त्यांना चुकीचं ठरू दिलं.

परवा पुण्यात माशांच्या एका दुकानात गेले होते, नातवासाठी. आत एका पेटीत जिवंत पोवळी होती आणि वर एलईडीचे दिवे — निळेच निळे. मी विचारलं, निळे का? दुकानदार म्हणाला, "यांना निळाच लागतो, आजी. पांढरा लोकांना बघायला." मी माझ्या हाताकडे पाहिलं. बांगड्यांचा लाल रंग काळा दिसत होता.

वही माझ्याकडे आहे. त्या पानांवर मी खाडाखोड करणार नाही. त्यांचं बोट फिरलंय त्यावरून. खरं रीडिंग इथे सांगते.

पांढरी — घेतलं नाही. निळी — बंद. दहाही दिवस.