तिनं मागितलेला खाडा

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून केलं ते म्हणजे वाल सोलले. शुक्रवार होता. भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी. मोड आलेले वाल परातीत घेऊन ती दारात बसली, मी समोर. निम्मे वाल माझ्या बोटांतून उडत होते.

ती म्हणाली, "धोटा बरा धरता येतो. वाल न्हाय येत."

मी म्हणालो, "लूमचा धोटा बुळबुळीत नसतो."

एवढंच. सालं शेजारणीच्या कोंबड्यांना टाकली. तिनं बिरडं केलं, मी दोनदा घेतलं. त्या दिवशी तिनं खाडा मागितला नाही. एरवी शुक्रवार आला की मागायचीच.

खाडा म्हणजे कामावर न जाणं, गैरहजेरी. आमचा शेठ वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगतो. बाजूच्या कारखान्यात मुकादम कारीगरांना आईवरून बोलायचा, आमच्याकडे तसलं काही नव्हतं. पण शेठला खाडा खपायचा नाही. दारातच काळा फळा लावला होता. महिनाभर ज्याचा खाडा नाही त्याचा नंबर त्यावर खडूनं लिहायचे. नाव नाही, नंबर. मी बारा नंबर.

मी तिसरीतून शाळा सोडली. शाळेच्या फळ्यावर माझं नाव चढलं ते बडबड केली म्हणून. आणि इथं दर महिन्याला बारा सगळ्यांत वर. व्यापारी माल बघायला आले की शेठ माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "ये मेरा बिनखाडा आदमी है." त्या हाताची मला चटक लागली. खोटं कशाला बोलू. अंगात ताप घेऊन गेलो. मुलगी झाली त्या दिवशी गेलो. मेव्हण्याच्या हळदीला सगळ्यांची जेवणं उरकल्यावर पोचलो. तिनं ताट झाकून ठेवलं होतं.

ती मला भेटली ती त्याच कारखान्यात. बायका कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. ती कांड्यांची टोपली घेऊन माझ्या लूमपाशी यायची. लूम चालू असले की कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळे ओठांवरून बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे. पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली ती अशीच. ओठांनी म्हणाली, "शर्टाचं बटण उलटं लागलंय." मी खाली बघितलं, बटण बरोबर होतं. ती हसत पुढच्या लूमवर गेली.

लग्नानंतर घरीही आम्ही तसेच बोलायचो. सवयच. शेजारीण एकदा तिला म्हणाली, "तुमचं भांडण झालंय का गं? चार दिवस आवाज न्हाय." ती म्हणाली, "भांडण झालं की येईल आवाज." तिचं तोंड मी खोलीच्या या टोकाहून वाचायचो. भाजीत मीठ कमी झालं तरी ती ओठांनी सांगायची, पाहुण्यांना पत्ता नाही. मुलगी झाल्यावर तिनं काम सोडलं. टोपली घेऊन दुसरी बाई येऊ लागली. मी तिच्या तोंडाकडे बघायचो नाही.

खाडा तिला वज्रेश्वरीसाठी हवा होता. तिचे गुडघे धरायचे. तिथल्या गरम कुंडात दोघांनी पाय सोडून बसायचं, येताना अंबाडी नाक्यावर भजी खायची, संध्याकाळपर्यंत घरी. एवढीच मागणी. मी म्हणायचो, "शुक्रवारी जाऊ."

"शुक्रवारी निम्मी भिवंडी तिथंच."

"मग काय झालं?"

एकदा तिनं नीट सांगितलं. लाटणं थांबवून, आवाज काढून. "सुट्टी शेठ देतो. ती सगळ्यांचीच. खाडा तुमी द्यायचा असतो. मला तुमचा पाहिजे."

मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात बघू." तिनं पोळी तव्यावर टाकली. नंतरही मागायची, पण हसून, चिडवल्यासारखं. "बारा नंबर, आमचा नंबर कधी?" मला वाटलं, हसतेय म्हणजे तिला फार लागलेलं नाही. बाईचं हसणं वाचायला मी शिकलो नव्हतो, ओठ तेवढे वाचायचो.

त्या शुक्रवारी मागितला नाही, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

शनिवारी मी ड्युटीवर गेलो. दुपारी मुकादम रांगेच्या टोकाला येऊन उभा राहिला. तो जौनपूरकडचा, तोंडात कायम पान. त्यानं मला हात केला आणि तो ओठांनी बोलला, "घर से कोई आया है." मी वाचलं, "घरवाली आयी है."

मी लाजलो. खरंच लाजलो, त्या वयात. वाटलं, आली ही खाडा मागायला, मुकादमासमोरच मागणार. मी त्याला हातानं खूण केली, थांबायला सांग. कापडाचा तागा संपत आला होता. अर्धवट टाकून गेलो असतो तर बदलीवाल्यानं बिघडवला असता. दोन तुटलेली सुतं जोडली, कांडी बदलली, तागा उतरवला. मुकादम पुन्हा आला, पुन्हा काही बोलला. मी मान डोलावली. हसत होतो मी. हात धुतले, केसांतला कापूस झटकला. तिला भुताचा अवतार आवडायचा नाही.

दारात ती नव्हती. शेजारणीचा पोरगा होता.

तासाभरापूर्वी तिच्या छातीत कळ आली म्हणे. रिक्षातून दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा तिचं तोंड झाकलेलं होतं. शेजारीण म्हणाली, "सारखी दाराकडे बघत होती, भावजी. आवाज न्हवता निघत. ओठ हलत होते. मला काय समजलं न्हाय." मला समजलं असतं. तिथं जेवढी माणसं होती त्यांत एकट्या मला समजलं असतं, आणि मी तागा उतरवत होतो.

लोक म्हणाले, तू लवकर आला असतास तरी वाचली नसती. नसती वाचली. ती काय म्हणत होती ते मला कळलं असतं. आता म्हातारपणी दुपारी एकटा बसलो की मी तिचं तोंड डोळ्यांपुढं आणतो आणि वाचायला बघतो. तोंड दिसतं, ओठाखालचा तीळ दिसतो. ओठ हलत नाहीत. आता लूम नाही, शेठ नाही, सगळे दिवस माझे आहेत. ते कुणी मागायला येत नाही.

त्याच संध्याकाळी तिला अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून चपला घातल्या. शेलारच्या सासरहून मुलगी आली होती. ती म्हणाली, "बाबा, कुठं? सुतक हाय."

"कारखान्यात जाऊन येतो."

"आज पण?" ती म्हणाली. तिच्या आईनं कधी वापरला नाही तसला आवाज. मी निघालो.

माझ्या लूमवर बदलीवाला उभा होता. मुकादम हजेरीचं बुक घेऊन बाहेर आला, माझा हात धरला. म्हणाला, "तू क्यों आया? शेठने बोला है, तेरा खाडा नहीं लगेगा. जितने दिन चाहिए, छुट्टी."

मी म्हणालो, "छुट्टी नको. खाडा लाव."

"अरे, मय्यत का खाडा कौन लगाता है? तेरा नंबर खराब होगा."

"होऊ दे. लाव."

त्यानं वर बघितलं. केबिनच्या काचेआडून शेठ बघत होता, त्यानं हातानंच विचारलं, काय झालं. मुकादम मला म्हणाला, "घर जा, भाई. तेरा दिमाग ठिकाने पे नहीं है."

मी तिथून हललो नाही. येणारेजाणारे कारीगर अंग चोरून बाजूनं जात होते. मग मुकादमानं बुक उघडलं, माझ्या नंबरापुढं फुली मारली. मी ती नीट बघून घेतली. मग घरी गेलो.