हो म्हणायच्या आधी

अशी लांब काय बसलीस? सरक इकडे. आणि ते ‘ताईच्या हातात पहिल्यापासूनच जादू होती’ वगैरे बोलणं बंद कर बघू. कुणी सांगितलं गं तुला? जादू असती तर माझी लेक त्या वर्षी मुंबईहून तोंड पाडून नाशिकला आली नसती.

छोटं विमान ती केव्हाच चालवायला लागली होती. आता मोठ्या विमानाचं शिक्षण चाललं होतं, आणि त्यातला तो कॉम्प्युटर, एफएमएस. कुठून कुठे जायचं, वाटेत कुठली ठिकाणं, वजन, इंधन, सगळं त्यात टाइप करायचं. शेवटी एक बटण. ते दाबलं की विमान निघालंच त्या वाटेनं. म्हणून नियम असा, की एकानं टाइप करायचं, शेजारच्या वैमानिकानं बघून हो म्हणायचं, मगच बटण. आमच्या बाईंचा हात भारी चपळ! सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या विमानात, तिनं कुणाला न विचारता दाबलं. विमान मागे टाकलेल्या ठिकाणाकडे वळायला लागलं. सर म्हणाले, “शेजारी माणूस बसलाय की पार्सल? परीक्षेत असं केलंस तर घरी जा.” आणि परीक्षा पुढच्याच आठवड्यात.

तिनं त्या बटणांचं मोठं चित्र आमच्या फडताळाच्या दारावर चिकटवलं. मी मेथी निवडत स्टुलावर बसले.

“आई, तू फक्त हो म्हणायचं.”

“का म्हणू? आधी दाखव काय केलंस ते.”

“अगं, तुला काय कळणार त्यातलं?”

“मग कळेल असं सांग.”

चिडली. पण सांगायला लागली. माझ्यासाठी आपल्याकडची गावं घेतली. एकदा म्हणते, नाशिक, घोटी, लासलगाव, मुंबई. बटणाकडे बोट निघालंसुद्धा.

“थांब! घोटीपर्यंत जाऊन परत लासलगावला? कांदे भरायचेत का विमानात?”

“मुद्दाम टाकलं होतं. तुझं लक्ष आहे का बघत होते.”

“चल, खोटारडी!”

पण हसली हो, आल्यापासून पहिल्यांदा. मग जाईपर्यंत आमचं तेच. मी नीट बघितल्याशिवाय हो म्हणेना, आणि तिचं बोट हवेत थांबायला शिकलं.

परीक्षेत उतरायच्या ऐन वेळी धावपट्टी बदलून दिली. तिनं भराभर टाइप केलं. शेजारचा घाईत म्हणाला, “हो हो, दाब.” हिनं बोट वरच धरलं. “आधी बघ, मग हो म्हण.” त्यानं बघितलं, तर दोन ठिकाणांच्या मध्ये वाट तुटलेली! दोघांनी मिळून ती जोडली, मग बटण दाबलं, आणि विमान कसं सरळ रेषेत उतरलं.

“आई, पास!” फोनवर एवढंच. मी चप्पल न घालता गल्लीत. शेजारच्या काकू म्हणाल्या, “परीक्षा लेकीची, आणि तुम्ही काय नाचताय?”

म्हटलं, “अहो, मी पण पास झाले!”

आता ती कॅप्टन आहे. नव्या पोरापोरींना शेजारी बसवून शिकवते, आणि त्यांनी बघितल्याशिवाय स्वतःसुद्धा बटण दाबत नाही. येत्या रविवारी ती घरी असेल, तिच्याच तोंडून ऐक सगळं. आईलाही घेऊन ये. जेवायलाच या, आणि उशीर करू नका गं.