आमच्या तांबड्या भाताचं बी

आमच्या घरात कॉलेज पास झालेली मी पहिलीच, आणि हे मी आजही ताठ मानेनं सांगते. भातावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, त्याच वर्षी अंजूरच्या आमच्या शेतात भराव पडला. तिथे गोदाम होणार होतं. आमचा तांबडा, जाडा भात गावात दुसऱ्या कुणाकडे उरला नव्हता. डीएनएच्या खुणांवरून तो वेगळा ठरला, तर त्याचं बी जपून ठेवू, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. मी आईकडून बी मागवलं आणि कामाच्या घाईत पुडी न उघडताच रुजवायला दिली.

पानांतला डीएनए काढून तपासला, तर त्याच्या खुणांचे सगळे पट्टे बाजारातल्या बारीक भाताशी जुळले. मॅडमनी आमच्या भातावर काट मारली.

दिवाळीत घरी गेल्यावर आईला विचारलं.

"ते शेजारच्या काकीकडचं बारीक बी होतं," आई म्हणाली. "सायबांना आपला जाडा भात दाखवतात काय? हसले असते न्हाय तुला?"

"आणि आपलं बी?"

"कोंबड्यांना घातलं. शेतच न्हाय, तर बी ठेवून काय करू?"

तिनं माझी लाज राखली होती, तिला काय बोलणार? प्रयोगशाळेत सांगितलं असतं तर सगळे आईला हसले असते, म्हणून तिथेही गप्प राहिले. आमचा भात खरंच वेगळा होता का, हे आता कळणार नाही, आणि त्याची चुटपुट माझ्याशिवाय कुणाला नाही.